जीपीएस सायकल कॉम्प्युटर: सोलापूरकरांनो, तुमचा अनुभव सांगा

हल्ली सायकलवाल्या मंडळींत जो तो हँडलवर लावायच्या, वेग, अंतर आणि वाट दाखवणाऱ्या या छोट्या यंत्राबद्दल विचारतो, "कुठला घेऊ?" नुसती मॉडेलची नावं सांगून त्याचं उत्तर मिळत नाही. वाट दाखवायला हवाय की सराव मोजायला, हे आधी ठरलं की निम्मी यादी आपोआप गळते. त्यात आपलं ऊन. थंड हवेत बसून लिहिलेले रिव्ह्यू एप्रिलच्या सोलापुरात फारसे कामाला येत नाहीत. म्हणून ज्यांनी इथल्या रस्त्यांवर वापरलाय त्यांनी सविस्तर लिहा.

जुळे सोलापूर:
मी ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, करतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास अशी मुदत असते, म्हणून मी आधी बॅटरी बघतो. रात्रभर बॅकलाइट आणि नकाशा चालू ठेवला तर खोक्यावर लिहिलेले तास मिळत नाहीत. मी नकाशाचं पान मिटूनच ठेवतो. वळण जवळ आलं की सूचना येते, तेवढी पुरते. पॉवर बँक जोडल्यावर राइड चालू राहते का आणि हँडलवरच्या माउंटवर बसवलेला असताना केबल लागते का, हे दुकानातच लावून बघा. काहींचं चार्जिंगचं भोक असं खाली असतं की माउंट आड येतो.
आयोजकांकडून येणाऱ्या जीपीएक्स फाइलमध्ये (मार्गाची फाइल) बऱ्याचदा नुसती रेघ असते. ज्यात स्वतःचा नकाशा आहे तो कॉम्प्युटर त्या रेघेवरून वळणं काढू शकतो. बिननकाशाचा असेल तर आदल्या दिवशीच ॲपमध्ये मार्ग आखून वळणांसकट फाइल काढून ठेवावी.

होटगी रोड:
माझं उलट आहे. पहाटेचा रस्ता ठरलेला, वाट शोधायची नाही, मला फक्त सराव करायचा असतो. पावसाळ्यात पश्चिमेचं वारं सुटलं की मोहोळकडे जाताना वीसचा वेग काढताना दम निघतो आणि परतताना तेच पाय तीसच्या वर सहज जातात. वेगाकडे बघून चालवलं तर जाताना जीव जातो आणि येताना सराव होतच नाही. छातीचा पट्टा लावून ठोके बघायला लागले तेव्हा हे बदललं. मात्र ठोके चढायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे एकेका मिनिटाच्या जोरासाठी पायांचा जोर वॉटमध्ये मोजणारा पॉवर मीटरच खरा. तो महाग आहे, पण वीस मिनिटं सगळा जीव लावून चालवायचं, सरासरी वॉटचे ९५ टक्के धरायचे आणि त्यावरून पुढचा सराव आखायचा, याला आपल्यासारखे सरळ, सपाट रस्ते शोधूनही मिळणार नाहीत. सेन्सर बिनतारी जोडायच्या अँट प्लस आणि ब्लूटूथ या दोन्ही सोयी असलेलाच घ्या, म्हणजे बहुतेक सगळे सेन्सर जोडता येतात.

रेल्वे लाइन्स:
"मोबाइल आहे की, वेगळं कशाला?" असं मुलगा म्हणत होता. हँडलवर लावलेला मोबाइल इथल्या उन्हात तापतो, स्वतःच उजेड कमी करतो आणि मग बंद पडतो. शिवाय कॅमेऱ्याला हादरे बसतात ते वेगळंच. बऱ्याच सायकल कॉम्प्युटरांचा पडदा वेगळा असतो. ऊन जितकं कडक तितका तो स्पष्ट दिसतो. माझं वय साठीच्या पुढे आहे, म्हणून एका पानावर तीनच आकडे ठेवतो. मोठे दिसतात, चष्मा लागत नाही. घामट बोटांनी टच नीट चालत नाही, बटणंच बरी.

अशोक चौक:
बजेट कमी होतं, नकाशा नसलेला घेतला. नान्नजच्या माळरानाकडे जाताना पडद्यावर फक्त रेघ असते, फाटा आला की थांबून झूम करायचं. जमतं. नकाशावाले घेणाऱ्यांना एक सांगतो, बऱ्याच कंपन्यांचे नकाशे ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या मोफत नकाशावरून बनतात. आपल्या भागातल्या शेतरस्त्यांची त्यात नोंद नसेल तर यंत्र कितीही महाग असो, ते हायवेवरच नेणार. मी दोन-तीन रस्ते स्वतः त्यात भरलेत, तुम्हीही भरा.
पैसे साठले की मी मागचा रडार घेणार. कारखाने सुरू झाले की उसाचे ट्रॅक्टर, त्यांना दोन-दोन ट्रॉल्या आणि मागून ओव्हरटेक करणाऱ्या गाड्या. रडार जोडला की मागचं वाहन पडद्याच्या कडेला ठिपका होऊन पुढे सरकताना दिसतं. म्हणून रडार जोडता येईल असाच कॉम्प्युटर निवडला.

शेळगी:
तुळजापूरचा घाट चढणाऱ्यांनी बॅरोमीटर (हवेच्या दाबावरून उंची काढणारा सेन्सर) असलेला घ्यावा, नुसत्या जीपीएसवर चढाचे आकडे भरकटतात. पावसात किंवा घामाने त्याचं बारीक छिद्र बुजलं तरीही तसंच होतं, म्हणून ते पुसून कोरडं ठेवायचं.
होटगी रोडच्या ताई, उन्हाळ्यात पट्टा मध्येच उलटसुलट ठोके दाखवतो, तुमचा दाखवतो का?

होटगी रोड:
दाखवायचा. निघताना पट्ट्याची आतली बाजू पाण्याने ओली करा आणि आल्यावर सेन्सर काढून पट्टा धुवा, घामाचं मीठ त्यात राहता कामा नये. तरीही तसंच झालं तर सेल बदला. बहुतेकांत सीआर २०३२ असतो, घड्याळवाल्याकडे मिळतो.