दोन्ही पासपोर्ट एकदम ठेवता येत नाहीत

बाणेरच्या सल्लागाराने तुमच्या भावाला 'कॅरिबियन पासपोर्ट घ्या, भारतीयही राहील' असं सांगितल्याचं वाचलं आणि राहवलं नाही. त्याला आधी थांबवा. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९: स्वेच्छेने दुसरं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, आणि पासपोर्ट जमा करावाच लागतो. पुढे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांसाठीचं कार्ड) मिळू शकतं, पण त्यावर मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. मुळशीकडे जमीन बघणाऱ्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे. (वारसाने मिळाली तर चालते.)

पैशांचं म्हणाल तर डॉमिनिका या कॅरिबियन देशात पैसे भरून नागरिकत्व घ्यायची किमान रक्कम २०२४ पासून २ लाख डॉलर आहे, छाननीचं शुल्क वेगळं. एलआरएसखाली (परदेशात पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) माणशी वर्षाला २.५ लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. शिवाय अर्ज त्या देशाने परवाना दिलेल्या एजंटामार्फतच जातो. यादी सरकारी संकेतस्थळावर असते. आपला एजंट त्यात आहे का, हे पैसे देण्याआधी बघाच. माल्टाचं नाव काढलं तर सरळ उठून या, पैसे घेऊन नागरिकत्व देण्याची त्यांची योजना युरोपीय न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये बेकायदा ठरवली.

भावाला नुसतं परदेशात राहायचंच असेल तर निवास परवाना बघा. त्याने भारतीय नागरिकत्व जात नाही.