हत्तीरोगाच्या गोळ्या कोणी घ्यायच्या?

सचिव : उद्या संध्याकाळी ७ वाजता हत्तीरोगाच्या गोळ्या द्यायला आरोग्य कर्मचारी येणार आहेत. गोळ्या घरी न्यायच्या नाहीत, त्यांच्यासमोरच गिळायच्या. २ वर्षांखालची मुलं, गरोदर बायका आणि गंभीर आजारी सोडून सगळ्यांनी काहीतरी खाऊन गोळ्या घ्यायला यायचं.

नितीन : मला काहीही झालेलं नाही. उगाच कशाला?

डॉ. मेधा : नितीन, डास चावून येणारे हत्तीरोगाचे जंत अंगात असूनही माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत दिसतो. पाय सुजल्यावर गोळी घेऊन तो पूर्ववत होत नाही.

नितीन : मागच्या वेळी आईला गोळ्यांनी ताप आला होता.

डॉ. मेधा : रक्तातली जंतांची पिल्लं मरताना तसा ताप येतो, एक-दोन दिवसांत उतरतो. म्हणजे काकूंच्या अंगात ती असावीत. यंदा त्यांना नक्की आण.

आप्पा : आमच्याकडे मच्छरदाणी आहे हो. आम्हाला गोळ्यांतून सूट द्या!

डॉ. मेधा : आप्पा, दोन्ही लागतं. गोळ्यांनी पिल्लं मरतात, मोठे जंत बरेचसे तगतात आणि पुन्हा पिल्लं सोडतात. ते पाच-सहा वर्षं सहज जगतात, म्हणून गोळ्या दरवर्षी. ही पिल्लं रात्री रक्तात येतात आणि आपल्याकडे हा रोग पसरवणारा क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. डासाच्या अंगात ती लागण करण्याजोगी व्हायला दहा-बारा दिवस लागतात. औषधी जाळीवर, म्हणजे डास मारणारं औषध लावलेल्या मच्छरदाणीवर, बसून डास त्याआधी मेला की साखळी तिथेच तुटली.

वैशाली : पापुआ न्यू गिनीत म्हणे जाळ्यांनीच प्रसार खाली आला?

डॉ. मेधा : आला, पण आधी काही वर्षं गोळ्या दिल्या होत्या. शिवाय तिथला डास अ‍ॅनॉफिलिस. रक्तात पिल्लं कमी झाली की त्याला रोग पुढे नेणं जड जातं. क्युलेक्सचं थोडक्यातही भागतं, आणि बऱ्याच ठिकाणी तो जाळीवरच्या औषधाला दाद देत नाही. नुसत्या जाळीवर भिस्त ठेवू नका.

आप्पा : बरं बाई, येतो. डेंग्यूलाही हीच जाळी ना?

डॉ. मेधा : तो डास दिवसा चावतो. दुपारी झोपत असाल तर उपयोग आहे 😄

आप्पा : झोपतो की!

वैशाली : औषधी जाळी मशीनमध्ये धुतली तर चालेल?

डॉ. मेधा : नको. साधा साबण, गार पाणी, हलक्या हाताने. वाळत सावलीत घाल, उन्हाने औषध उतरतं. आणि सारखी धूत बसू नकोस.