२४ व्होल्टच्या मॉड्यूलच्या टेस्टरला स्विचिंग कार्ड कोणतं घ्यावं?

चाकणची_टेस्टवाली

नमस्कार मंडळी. ट्रकच्या बॉडी कंट्रोल मॉड्यूलसाठी (दिवे, हॉर्न चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) लाइनच्या शेवटच्या स्टेशनचा टेस्टर नव्याने बांधतेय. आजवर पीएलसीवर (कारखान्यातली यंत्रं चालवणारा कंट्रोलर) चालणारा रिले बोर्ड होता, बारा वर्षांचा. पॅनेलमध्ये लावतात तेच साधे रिले, चांदीचे कॉन्टॅक्ट. दिवे आणि हॉर्न त्यावर झकास चालतात, पण कॅनच्या (मॉड्यूल एकमेकांशी ज्यावर बोलतात ती लाइन) दोन तारांमधला रोध मोजायला गेलं की कधी ६०.४ ओहम, कधी ६३, कधी चक्क ७१. नग काढून परत बसवला की बरोबर येतो. ऑपरेटर आता सरळ तीनदा टेस्ट मारतो आणि एकदा पास आला की नग पुढे ढकलतो.

आता आठ स्लॉटची पीएक्सआय एक्स्प्रेस चॅसिस (मोजमापाची कार्डं खोचायचा डबा) आलीय, त्यात साडेसहा अंकी मल्टिमीटर. २४ व्होल्टचा सप्लाय बाहेर आहे, आणि तो एकच. फिक्स्चरला, म्हणजे नग बसवतो त्या साच्याला, मात्र दोन जागा आहेत. नगाला एकूण ६४ पिना. मोजायचं ते असं: ५ व्होल्टची सेन्सर लाइन, कॅनचा रोध, १० के (किलो-ओहम) चे पुल-अप रेझिस्टर, मॉड्यूल झोपल्यावरचा करंट (अर्धा मिलिअँपिअर यायला हवा), आणि २१ वॅटच्या दिव्यांचे आउटपुट खऱ्या दिव्यांवर. टॅक्ट, म्हणजे एका नगाला मिळणारा वेळ, ४५ सेकंद, दोन शिफ्ट.

टेबलावर तीन कोटेशन आहेत. एक ४ बाय ६४ ची रीड रिलेची मॅट्रिक्स (४ आडव्या आणि ६४ उभ्या ओळी, प्रत्येक छेदावर काचेच्या नळीत बंद पात्यांचा रिले), १ अँपिअर. दुसरं साध्या आर्मेचर रिलेचं मल्टिप्लेक्सर (अनेक तारांपैकी हवी ती एका मीटरला जोडणारं), २ अँपिअर. तिसरं सॉलिड स्टेट, म्हणजे हलते कॉन्टॅक्ट नसलेलं. साहेब म्हणतात, मॅट्रिक्स घे, एकात सगळं होतं. पर्चेसवाल्याने चॅनेलमागे किंमत काढून दुसऱ्यावर टिक मारलीय. मला कुणाचंच पटत नाहीये, पण का ते नीट सांगता येत नाही.

भोसरी_एम्बेडेड

रीड मॅट्रिक्स डोळे झाकून घ्या. आर्मेचरपेक्षा किती तरी जलद चालते आणि डेटाशीटवर शंभर कोटी ऑपरेशन लिहिलेली असतात. आमच्याकडे चार वर्षं चालू आहे, एकही रिले गेला नाही.

रिलेवाले_काका

भोसरीकर, तुमच्याकडे त्या मॅट्रिक्समधून लोड जातो का हो? की नुसता मीटर फिरतो? नुसता मीटर असेल तर पुढची चार वर्षंही काही होणार नाही, लिहून देतो. ताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे.

मी टेस्ट विभागात सत्तावीस वर्षं काढली, आता घरी बसून लोकांचे टेस्टर फोनवर दुरुस्त करतो. एक प्रसंग सांगतो, कंपनीचं नाव जाऊ द्या. असाच २४ व्होल्टचा नग, अशीच रीडची मॅट्रिक्स, आणि सोय म्हणून पुरवठाही तिच्यातूनच फिरवलेला. नगाच्या तोंडाशी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोराने सप्लाय आधी ऑन केला आणि मग रिले मिटवला. आता गणित करा: रिकामा कपॅसिटर, २४ व्होल्ट, आणि तारा, कॉन्टॅक्ट मिळून वाटेत अर्धा ओहम. पहिल्या क्षणी ४८ अँपिअर. कार्डावर लिहिलंय १. तो मला म्हणाला, काका, सप्लायची करंट लिमिट तर मी २ वर ठेवलीय. अरे बाबा, सप्लायच्या पोटात आउटपुटला जो कपॅसिटर बसलाय तो तुझी लिमिट विचारत नाही!

पहिल्या दिवशी काही झालं नाही. रीडची पाती केसाएवढ्या अंतरावर असतात. दर वेळी एक बारीक ठिणगी, थोडा धातू इकडचा तिकडे. तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळीला एक क्रॉसपॉइंट, म्हणजे छेदावरचा रिले, चिकटला, म्हणजे २४ व्होल्टची ओळ एका आउटपुट पिनेला कायमची जोडली गेली. त्या पिनेवर टेस्टला काय हवं होतं? २४ व्होल्ट. मग मॉड्यूलमधला आउटपुट चालवणारा ड्रायव्हर मेलेला असो की जिवंत, पास! शिफ्ट बदलताना सुपरवायझरने नियमाप्रमाणे रेड रॅबिट लावला, म्हणजे मुद्दाम बिघडवलेला नग, आणि तो हिरवा दिवा लावून पास झाला. सकाळी सात वाजता आम्ही सहा जण खोकी फोडत बसलो होतो. ४१२ नग परत तपासले.

तेव्हापासून कार्ड निवडताना मी चॅनेल मोजत नाही. आधी एकच विचारतो: कॉन्टॅक्ट मिटतो आणि उघडतो त्या क्षणी त्याच्यातून काय जातंय?

तुमच्या दिव्यांकडे बघा. २४ व्होल्टला २१ वॅट, म्हणजे पेटल्यावर ०.९ अँपिअरसुद्धा नाही. पर्चेसला वाटणार, २ अँपिअरचं कार्ड पुरे. पण थंड फिलामेंट पहिल्या झटक्याला आठ-दहा पट खेचतं. शिवाय डेटाशीटच्या पहिल्या पानावरचे २ अँपिअर आणि आतल्या पानावरचे ६० वॅट एकत्र वाचायचे असतात: व्होल्टेज वाढलं की करंटचा हक्क कमी होतो.

आणि आयुष्याचा हिशोब. ४५ सेकंदांना एक नग, दोन शिफ्ट, जेवण-चहा वजा करून दिवसाला १,२०० धरा. एका नगामागे एखादा रिले सहा वेळा चालला तर दिवसाला ७,२००. साध्या रिलेचं आयुष्य नुसतं हलण्याचं धरलं तर दहा कोटींच्या घरात असतं, म्हणजे तुम्ही-आम्ही रिटायर होऊ तरी तो चालेल. पूर्ण लोड तोडायला लावला तर तोच आकडा लाखावर येतो. लाख भागिले ७,२००: चौदा दिवस. हा एक भागाकार साहेबांना कागदावर करून दाखवा.

तुमचे ६०.४ चे ७१ का होतात तेही यातच आहे. चांदीच्या कॉन्टॅक्टवर काळा थर चढतो आणि तो फुटायला दणकून करंट लागतो, साधारण १२ व्होल्टला १०० मिलिअँपिअर. मीटर ओहम मोजताना एखादा मिलिअँपिअर सोडतो, त्याने काय फुटणार? तिथे सोन्याचा मुलामा लागतो किंवा हवाबंद रीड. पण सोनं पातळ असतं. एकदा त्याच कॉन्टॅक्टने दिवा तोडला की मुलामा जळतो, खाली परत चांदी. म्हणून सकाळी दिवा आणि दुपारी मिलिव्होल्ट, असं एकाच रिलेला सांगायचं नाही.

आता तुमच्यासाठी. मोजण्यासाठी दोन तारांचं रीडचं मल्टिप्लेक्सर. दिव्यांसाठी आणि पुरवठ्यासाठी वेगळं कार्ड, ५ अँपिअर किंवा जास्तचे सुटे रिले, आणि दिवा पेटवा-विझवायचं काम मॉड्यूलच्या ड्रायव्हरलाच करू द्या. त्याचीच तर परीक्षा आहे. दिव्याच्या तारेतला रिले आधी मिटवून ठेवायचा आणि ड्रायव्हर बंद झाल्यावरच उघडायचा. मॅट्रिक्स हवीच असेल तर मधे छोटी ४ बाय ८ ची. ६४ पिनांपैकी प्रत्येकीला प्रत्येक यंत्र लागत नाही, मग २५६ क्रॉसपॉइंटचे पैसे कशाला? आणि मॅट्रिक्समध्ये एकाच उभ्या ओळीवर दोन रिले मिटले की २४ व्होल्ट थेट ग्राउंडला, म्हणजे शॉर्ट. ते कार्ड अडवत नाही, तुमचा प्रोग्रॅम अडवेल तरच.

सॉलिड स्टेट झिजत नाही हे खरं. पण बंद असतानाही थोडं गळतं आणि चालू असताना वाटेत स्वतःचा रोध घालतं. लोडच्या बाजूला बघा हवं तर, झोपेच्या करंटजवळ नको.

अंबडची_हार्नेसवाली

काकांचं सगळं मान्य. मी दोन गोष्टी स्वतःच्या खिशातून शिकलेय. पहिली, कोटेशनमध्ये कनेक्टर आणि केबल आहे का बघा. ७८ पिनांच्या डी कनेक्टरला घरी सोल्डर करता येतं, २०० पिनांचा दाट कनेक्टर असेल तर तयार केबलच घ्यावी लागते आणि ती कार्डाच्या किमतीला स्पर्धा करते. दुसरी, चॅसिसचे स्लॉट. एक्स्प्रेसच्या चॅसिसमध्ये जुन्या पद्धतीचं पीएक्सआय कार्ड एक्स्प्रेसच्या स्लॉटमध्ये बसत नाही; हायब्रिड (दोन्ही पद्धतींच्या) स्लॉटमध्ये बसतं, तेही मागचा कनेक्टर त्यासाठी बदललेला असेल तर. माझं कार्ड डब्यातून निघालं, स्लॉटवर टेकलं आणि तिथेच अडलं. महिना गेला बदलून यायला.

शक्य असेल तर रिले स्वतः बदलता येतो असं कार्ड घ्या आणि सॉफ्टवेअर रिलेची ऑपरेशन मोजून देतं का ते विचारा. काही कंपन्या आतल्या आत रिले तपासणारी टेस्टही देतात. काकांचा चिकटलेला क्रॉसपॉइंट अशा टेस्टने शिफ्टच्या सुरुवातीला सापडला असता.

आणि हो, जुलैत १० के चे आकडे हलायला लागले तर लगेच कार्डाला दोष देऊ नका. आमच्याकडे फिक्स्चरच्या बोर्डवर सोल्डरिंगचा फ्लक्स राहिला होता आणि पावसाळी हवेत तोच गळत होता. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि ब्रशने काम झालं.

चाकणची_टेस्टवाली

काका, चौदा दिवसांचा भागाकार मीटिंगमध्ये फळ्यावर लिहिला. पर्चेसवाल्याने स्वतः कॅल्क्युलेटर काढून पडताळला, मग गप्प. दोन कार्डांवर गाडी आलीय. आमच्याकडे रेड रॅबिट आठवड्यातून एकदा लावतात, तेही आता दर शिफ्टला करायला सांगितलंय.

दोन शंका उरल्यात. झोपेचा करंट मोजायला मीटर वाटेत घालते तेव्हा रिले आधी उघडतो आणि मग दुसरीकडे मिटतो. तेवढ्यात पुरवठा तुटून मॉड्यूल जागं होतं आणि परत झोपायला १२ सेकंद घेतं. दुसरी, सप्लाय एकच आणि जागा दोन. एक नग चालू असताना दुसऱ्याचा रिले मिटवण्यापुरता सप्लाय ऑफ कसा करू?

रिलेवाले_काका

पहिलीसाठी मीटर वाटेत घालूच नका. पुरवठ्याच्या तारेत १० ओहमचा अचूक रेझिस्टर कायमचा बसवा आणि त्याच्या दोन्ही टोकांना जोडणारा एक रिले ठेवा. एरवी तो रिले मिटलेला, करंट त्याच्यातून जातो. मॉड्यूल झोपलं की रिले उघडा. पुरवठा तुटतच नाही, करंट रेझिस्टरमधून वळतो आणि मीटरला फक्त व्होल्टेज वाचायचं उरतं. अर्ध्या मिलिअँपिअरला ५ मिलिव्होल्ट. इथे एक खोच आहे: रीडची पाती लोखंड-निकेलची, तारा तांब्याच्या, रिलेची कॉइल तापली की सांध्यांवर स्वतःचं व्होल्टेज तयार होतं. साध्या रीडमध्ये ते ५० मायक्रोव्होल्टपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे तुमच्या ५ मिलिव्होल्टात एक टक्का. तुमची मर्यादा सैल असेल तर सोडून द्या. घट्ट असेल तर त्याच कार्डाचा एक चॅनेल शॉर्ट करून शून्य वाचा आणि वजा करा. आणि मॉड्यूलला उठवण्याआधी रिले परत मिटवायला विसरू नका.

दुसरीसाठी प्रत्येक जागेला दोन रिले. पहिल्यात ४७ ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर, दुसरा थेट. पहिला मिटला की झटका अर्ध्या अँपिअरवर येतो. ४७० मायक्रोफॅरड असेल तर ११० मिलिसेकंदांत भरत आलेला असतो. मग मीटरने नगाच्या पिनेवर बघायचं, २० व्होल्टच्या वर असेल तरच दुसरा मिटवायचा. नाही चढलं तर नगातच शॉर्ट आहे, तिथेच फेल करा. तुमच्या बोर्डवर कपॅसिटर किती आहे ते मात्र सर्किटमध्ये बघून टाका इथे, १,००० निघाला तर वेळ दुप्पट धरावी लागेल.

चाकणची_टेस्टवाली

सर्किट उघडलं. २२० चे दोन आहेत, समांतर. म्हणजे ४४०. ११० मिलिसेकंद पुरतील.