कॅपॅसिटर उभे राहतात, ग्राउंडची पिन सोल्डर घेत नाही : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दोन दिवस डोकं आपटून झालं, म्हणून इथे विचारतोय. एका छोट्या कंट्रोलरचे चाळीस बोर्ड जोडायचे आहेत. दहा झाले आणि दहाही बोर्डांत तीच रड.

दोन थरांचा बोर्ड आहे, दोन्ही बाजूंना ग्राउंडचं तांबं भरपूर पसरलेलं. सोल्डरची पेस्ट शिशाची, ६३/३७ (कथील/शिसं). ती पॅडांवर छापायची स्टेन्सिल (भोकांचा पातळ पत्रा) ०.१२ मिमी. ओव्हन टेबलावर मावेल असा लहान.

पहिली तक्रार: ०६०३ मापाचे (जेमतेम दीड मिमी लांब) काही कॅपॅसिटर ओव्हनमधून येतात ते एका पायावर उभे! सगळे नाहीत. सी४, सी९ आणि सी११ हेच तिघे, आलटून पालटून. बाकीचे शहाण्यासारखे बसतात. पेस्ट कमी पडत असेल म्हणून त्या पॅडांवर (भाग जोडायच्या तांब्याच्या ठिपक्यांवर) हाताने जास्त लावली, तर प्रकार वाढला.

दुसरी: पॉवर कनेक्टरची ग्राउंडची पिन. शेजारची पिन तीन सेकंदांत चकचकीत होते, आणि ही? सोल्डर पिनेवर गोळा होऊन बसतं, भोकातून वर चढतच नाही. सोल्डरिंग स्टेशनवर ३५० अंश होतं, ते ४२० केलं. एका बोर्डचा वरचा पॅड उखडला आणि बिट (सोल्डरिंगचं तापणारं टोक) काळी पडली. आता त्या बिटेला साधं सोल्डरही चिकटत नाही.

पेस्ट खराब, ओव्हन खराब की स्टेशन खराब? नवीन काय घ्यावं?

प्रतिसाद १
थांबा, लगेच खरेदीला निघू नका. एकच सांगा: कॅपॅसिटरचं हवेत उचललेलं टोक कुठलं असतं? सर्किट समोर ठेवून बघा.

धागाकर्ता
बघितलं. तिन्हींचं ग्राउंडकडचं टोक वर! दहाही बोर्डांत. हे आधी का नाही दिसलं कोण जाणे.

प्रतिसाद १
मग दोन्ही तक्रारींच्या मुळाशी ते तांबंच आहे. त्या तिघांचा ग्राउंड पॅड प्लेनला (त्या पसरलेल्या तांब्याला) थेट चिकटलेला असणार, मध्ये थर्मल रिलीफच्या, म्हणजे उष्णतेचा ओघ अडवणाऱ्या, बारीक पट्ट्या नसणार. प्लेन उष्णता ओढून घेतं, त्यामुळे त्या बाजूची पेस्ट उशिरा वितळते. दुसरीकडची आधी वितळते, आणि वितळलेल्या सोल्डरचा पृष्ठताण कॅपॅसिटरला आपल्याकडे खेचून उभा करतो. पेस्ट वाढवलीत म्हणजे ओढणाऱ्याच्या हातात जाड दोर दिलात.

हे बोर्ड तर छापून झालेत, तेव्हा ओव्हनचं प्रोफाइल (तापमान कधी किती चढवायचं ते) बदला. १५० ते १६५ अंशांच्या दरम्यान दीडेक मिनिट थांबू द्या, म्हणजे थंड बाजू गरम बाजूला गाठेल. तिथून १८३ (इथे तुमचं सोल्डर वितळतं) ओलांडताना घाई नको, सेकंदाला एक अंश पुरे. शिखर २१० ते २१५. आणि ओव्हनचा आकडा कुठून येतो?

धागाकर्ता
थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आत लोंबकळतंय, हवेत. 😐

प्रतिसाद १
मग तो हवेचा आकडा. एक रद्दी बोर्ड घ्या, सी९च्या ग्राउंड पॅडला थर्मोकपल कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या) घट्ट चिकटवा आणि तो आकडा बघून प्रोफाइल लावा.

प्रतिसाद २
पिनेबद्दल. तापमान वाढवून उपयोग नाही, उष्णता पोचायला हवी. टोकदार बिट टेकते सुईच्या अग्राएवढी, प्लेन मात्र ताटाएवढं. रुंद, छिन्नीसारख्या तोंडाची बिट घ्या, ती पिन आणि पॅड दोन्हींना एकदम टेकवा, आधी थोडा फ्लक्स (ऑक्साइड काढून सोल्डर चिकटवणारा) लावा. बोर्ड खालून शंभरेक अंशांपर्यंत तापवलात तर काम निम्मं होतं. ४२० वर बिट ठेवलीत की फ्लक्स काम करायच्या आधीच जळतो आणि बिटेवर ऑक्साइड चढतं. ती काळी बिट पितळी जाळीत घासून टिनर (बिटेवर पुन्हा सोल्डर चढवणारं मिश्रण) लावून बघा, कानस मात्र नको. वरचा लोखंडाचा मुलामा गेला की तांबं उघडं पडतं आणि सोल्डर ते खाऊन टाकतं.

अजून एक. बिट हीटरवर नळीसारखी सरकवायची असेल तर नट तपासा. सेन्सर हीटरमध्ये असतो. बिट सैल असली तर हीटर ३५० आणि टोक बरंच थंड, डिस्प्ले बिचारा खरंच सांगत असतो.

धागाकर्ता
दोन दिवसांनी हजर. नट खरंच सैल होता, जवळजवळ एक आटा फिरला. रुंद बिट, ३५०, बोर्ड खालून गरम: चार-पाच सेकंदांत सोल्डर वरच्या बाजूला दिसलं.

ओव्हनमध्ये हवा आणि पॅड यांत तब्बल २८ अंशांचा फरक निघाला. नव्या प्रोफाइलवर बारा बोर्ड काढले, फक्त एका बोर्डावर सी९ उभा. पुढच्या खेपेला थर्मल रिलीफ देणारच.

राहिला तो उखडलेल्या पॅडचा बोर्ड. टाकून देऊ?

प्रतिसाद २
ग्राउंडच आहे ना, मग आजूबाजूला तांबंच तांबं. पिनेजवळचं हिरवं आवरण ब्लेडने खरवडा, उघड्या तांब्यावर टिन चढवा आणि पिनेपासून तिथवर आखूड जाड तार जोडा. नंतर कनेक्टर हलवून बघा. सगळा जोर तारेवर येत असेल तर तेवढा एक बोर्ड टेस्टिंगला ठेवा, गिऱ्हाइकाला देऊ नका.