मंडळाची शिडी कुणाकडे आहे? (गुरुवारी हवी, जुनं बैठं घर)

केतकी, मंगळवार, रात्री 10:40

मंडळी, मंडळाची ती लांब शिडी सध्या कुणाकडे आहे? गुरुवारी सकाळी हवी आहे.

मागे बैठकीनंतर बोलले होते तेच घर. 1956 चं, एकमजली. ऑफर मान्य झाली, पण इन्स्पेक्शनची मुदत (घर तपासून सूट मागायची किंवा मागे फिरायची) शुक्रवारी संध्याकाळी 5 ला संपते. इन्स्पेक्टर छतावर चढलाच नाही. खालून दुर्बीण लावून बघितलं आणि रिपोर्टात लिहिलं, 'दिसलं तेवढं ठीक'. म्हणून नचिकेत स्वतः चढणार म्हणतोय.

शिवाय इन्स्पेक्टर म्हणतो, सांडपाण्याची लाइन कॅमेऱ्याने बघून घ्या. त्याचे पैसे वेगळे. पुढच्या अंगणात मोठं झाड आहे. विकणारे म्हणतात, इतक्या वर्षांत कधी त्रास झाला नाही. कॅमेरा खरंच लागतो का?

सुहासकाका, मंगळवार, रात्री 11:05

शिडी माझ्याकडे नाही. नाटकाचे पडदे लावायला मिलिंदने नेली, त्यानंतर मी ती पाहिलेली नाही.

कॅमेरा लागतोच. त्या काळच्या घराच्या आत बहुधा ओतीव लोखंडाचा पाइप आणि भिंतीबाहेर भाजलेल्या मातीचा. मातीचा पाइप म्हणजे दोन-तीन फुटांचे तुकडे एकात एक बसवलेले, दर जोडावर फट. झाडाला पाण्याचा वास लागला की केसासारखं मूळ आत शिरतं आणि पुढे त्याची केरसुणी होते. घरात दोनच म्हातारी माणसं राहत असतील तर वीस वर्षं कुणाला पत्ता लागत नाही. तुम्ही चौघं राहायला गेलात आणि पाठोपाठ अंघोळी सुरू झाल्या की लागेल.

नचिकेतला म्हणावं, छतावर एकट्याने चढू नकोस. आधी अ‍ॅटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, टॉर्च घेऊन जा. गळतीचे डाग खालूनच जास्त दिसतात.

अर्चना, बुधवार, सकाळी 7:12

केतकी, हे सगळं तुझ्या एजंटने सांगायला हवं होतं. (मीही एजंट आहे, पण तुझी नाही, ते ठीकच आहे.) अशा गोष्टी मंडळाच्या मेलिंग लिस्टवर ठरवू नयेत, प्रत्येक करार वेगळा असतो.

तरी सांगते. नगरपालिकेला विचार, घरापासून मुख्य गटारापर्यंतची लाइन कुणाची. काही शहरांत हद्दीपर्यंतच मालकाची, काही ठिकाणी थेट रस्त्याखालच्या जोडापर्यंत मालकाचीच. उत्तर फोनवर नको, लेखी घे.

मिलिंद, बुधवार, सकाळी 8:30

शिडी माझ्याकडे नाहीये काका. नाटकानंतर हॉलवरच ठेवली होती.

केतकी, कॅमेरा कर. आम्ही केला नाही. घर बघताना लाकडी जमीन अशी चमकत होती की खाली काय आहे हे विचारायचं सुचलंच नाही. तिसऱ्या आठवड्यात कपड्यांच्या मशीनने पाणी सोडलं आणि शॉवरच्या जाळीतून गुडगुड करत काळं पाणी वर आलं, त्यात मोज्यांचे धागे तरंगत होते. बैठ्या घरात सगळं एकाच पातळीवर, त्यामुळे लाइन तुंबली की पाणी सगळ्यात खालच्या तोंडातून, म्हणजे शॉवरमधूनच वर येतं. प्लंबरने मुळांचा जो गुच्छ ओढून काढला तो बादलीत मावत नव्हता. मुलीने त्याला नावसुद्धा ठेवलं.

प्रसाद, बुधवार, सकाळी 9:02

> बैठ्या घरात सगळं एकाच पातळीवर

म्हणूनच मी म्हणतो, नवीन दुमजली घ्या. तेवढ्याच पैशात जागा जास्त आणि दहा वर्षं डोक्याला ताप नाही.

सुहासकाका, बुधवार, सकाळी 9:40

प्रसाद, नव्या घरालाही ताप असतो, फक्त तो बिल्डरच्या वॉरंटीखाली झाकलेला असतो. तुझ्या मुद्द्यात एक गोष्ट मात्र खरी आहे. तेवढंच क्षेत्रफळ एका मजल्यावर पसरलं की छप्पर आणि पाया दोन्ही दुमजलीच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून जुन्या बैठ्या घरात आधी हेच दोन बघायचे. स्वयंपाकघर शेवटी.

पायाची उभी, केसासारखी भेग मी सोडून देईन. विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखी चढत जाणारी किंवा भिंतीत आडवी गेलेली सोडणार नाही. दारांच्या चौकटींचे वरचे कोपरे बघा, तिथून तिरकी भेग निघाली असेल आणि दाराची कड रंधा मारून घासलेली असेल तर घर हललं आहे. आणि बाहेर, भिंतीपासून दहा फुटांत जमीन सहा इंच तरी उतरलेली हवी. जुन्या वस्तीत वर्षानुवर्षं वाफ्यात माती टाकून टाकून उतार उलटा झालेला असतो आणि पाणी पायाकडे येतं.

सीमा, बुधवार, सकाळी 10:15

गटाराच्या नादात वायरिंग विसरू नकोस. 1956 म्हणजे मुळात दोन भोकांचे प्लग, अर्थिंग नाही. नंतर कुणीतरी नुसते तीन भोकांचे बसवतात आणि आत तिसरी तारच नसते. तीन दिव्यांचा टेस्टर मिळतो, तो प्रत्येक खोलीत लावून बघ. आणि शिशाच्या रंगाचा कागद मिळाला ना? अमेरिकेत घरांच्या रंगात शिसं 1978 मध्ये बंद झालं. त्याआधीच्या घराला विकणाऱ्याने त्याबद्दल ठाऊक असेल ते सांगायचं आणि तुला तपासणीला 10 दिवस द्यायचे. तू सही करून सोडले नसशील तर. धाकटी अजून सगळं तोंडात घालते म्हणून म्हणतेय.

केतकी, बुधवार, दुपारी 3:20

कॅमेरा झाला. क्लीनआउट (लाइन साफ करायचं तोंड) एका झुडपाखाली गाडला गेला होता, तो शोधण्यातच अर्धा तास गेला. तिथून 31 फुटांपासून पुढे पाणी साचलेलं, कॅमेरा पार बुडाला, स्क्रीनवर नुसता चहाचा रंग. पुढे 42 फुटांवर मुळं, अर्ध्याहून जास्त पाइप भरलेला. त्याच्या पलीकडे कॅमेरा जाईना. त्या माणसाने वरून यंत्र फिरवून गवतावर नारिंगी खूण केली, फूटपाथच्या आमच्या बाजूला हातभर आत.

तो म्हणतो, पाइप खचलाय, आख्खी लाइन बदला. विकणारे म्हणतात, आम्ही उद्याच साफ करून देतो, विषय संपला. नचिकेत म्हणतो, घर सोडून देऊ. माझं डोकं चालत नाहीये.

अर्चना, बुधवार, दुपारी 3:41

साफ करू देऊ नकोस! सफाई झाली की लाइन महिनाभर सुरेख वाहणार आणि तुझ्या हातातला पुरावा गेला. ते स्वस्तातला माणूस आणणार. काम त्यांच्याकडून नकोच, किमतीत सूट माग.

सुहासकाका, बुधवार, संध्याकाळी 4:10

अर्चना, पुरावा व्हिडिओत आहे, तो कसा जाईल? केतकी, व्हिडिओची फाइल आजच मागून घे, नुसत्या रिपोर्टावर राहू नकोस.

आता नीट वाच. पाणी मुळांच्या अलीकडे साचलंय. याचे दोन अर्थ होतात. एक, पाइप तिथे खरंच खचून त्याला पोट आलंय. दोन, पाइप सरळच आहे, मुळांचा बांध झालाय आणि पाणी मागे तुंबलंय. आज कॅमेऱ्यात दोन्ही सारखेच दिसणार. मुळं कापून, भरपूर पाणी सोडून पुन्हा कॅमेरा घातल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. तो माणूसही नाही.

हा फरक मोठा आहे. फक्त मुळं असतील आणि पाइप फुटलेला नसेल तर खणल्याशिवाय आतून अस्तर लावता येतं. पोट असेल तर अस्तरही त्याच पोटात बसतं, उतार काही सुधारत नाही. तिथे खणावंच लागतं. तेव्हा सफाई हवीच. दुरुस्ती म्हणून नव्हे, निदान म्हणून.

अर्चना, बुधवार, संध्याकाळी 4:35

काकांचा मुद्दा मान्य. पण मग माणूस केतकीचा, विकणाऱ्यांचा नाही. त्यांची लेखी परवानगी घे आणि सफाई नि कॅमेरा एकाच फेरीत कर. मुदतवाढीवर दोघांच्या सह्या हव्यात. तोंडी 'हो हो' म्हणजे शुक्रवारी 5 वाजून 1 मिनिटाने काहीच नाही.

प्रसाद, बुधवार, संध्याकाळी 5:00

झाडच का नाही काढत?

सुहासकाका, बुधवार, संध्याकाळी 5:08

फूटपाथच्या कडेचं झाड बहुधा नगरपालिकेचं. विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि झाड काढून फट बुजत नाही.

विनया (लिस्ट सांभाळणारी), बुधवार, रात्री 8:20

चर्चा उपयोगी आहे म्हणून थांबवत नाही. पण विषयाच्या ओळीत शिडी आहे आणि शिडी अजून सापडलेली नाही. नोंदवहीत शेवटची सही मिलिंदची. 'हॉलवर ठेवली' अशी नोंद नाही.

केतकी, गुरुवार, दुपारी 1:15

मुदतवाढ मिळाली, पुढच्या बुधवारपर्यंत, सह्यांसकट. आज सकाळी मुळं कापली. मी शेजारीच उभी होते, बूट धुवावे लागले. घरातले सगळे नळ वीस मिनिटं सोडून मग पुन्हा कॅमेरा. 31 च्या पुढचं पाणी गेलं! 34 च्या आसपास तळाशी जेमतेम बोटभर राहतं, ते तसंच. 42 वर जोड सरकलाय आणि एका कडेचा टवका उडालाय. तेवढा तुकडा खणून बदलायचा आणि बाकीला अस्तर, असा अंदाज आलाय. दुसऱ्या एकाचा उद्या येईल, मग सूट मागू. नचिकेत आता घर सोडायचं म्हणत नाही, छतावर चढायचंच म्हणतोय.

काका, बोटभर पाणी चालेल का?

सुहासकाका, गुरुवार, दुपारी 1:50

मातीच्या जुन्या पाइपात तेवढं मी चालवून घेईन. पण वर्षाने पुन्हा कॅमेरा घाला, आणि दोन्ही व्हिडिओ जपून ठेवा.

मिलिंद, गुरुवार, संध्याकाळी 6:05

शिडी सापडली. आमच्याच गराजमध्ये, सायकलींच्या मागे. क्षमस्व. शनिवारी सकाळी केतकीकडे आणून देतो आणि खाली धरून उभा राहतो, कारण डावा पाय हलतोय. शिडीचा.