सांगलीतून एका दिवसात कृष्णेचे तीन संगम: जनरल तिकिटाचं गणित कसं बसवावं?

हरिपूर_घाट: हरिपूरचा वारणा संगम भल्या पहाटेच उरकू. मग रेल्वेने साताऱ्याजवळचं माहुली (वेण्णा नदीचा संगम), येताना कऱ्हाड (कोयना नदीचा), रात्री घरी. चौघे आहोत. कुठे किती वेळ जाईल सांगता येत नाही, म्हणून रिझर्वेशन नको. सातारा–सांगली एकच तिकीट काढून कऱ्हाडला उतरलं, पुढच्या गाडीने आलं तर चालेल का?

मिरज_फलाट: नाही चालणार. मध्ये उतरायची सवलत ५०० किमीच्या वरच्या तिकिटालाच, तीही पहिले ५०० किमी झाल्यावर. कऱ्हाडला बाहेर पडलात की तिकीट संपलं, पुढचं नवीन काढा.

सकाळीच सगळी तिकिटं काढून ठेवू नका. १९९ किमीपर्यंतचं खिडकीवरचं जनरल तिकीट तीन तास किंवा पहिली गाडी सुटेपर्यंत, यातलं जे नंतर असेल तेवढंच चालतं. रद्द केलं तर माणशी ३० रुपये कापतात, मग हातात काय उरणार! मोबाईलवरचं पेपरलेस तर रद्दच होत नाही. ते स्टेशनात शिरायच्या आधी काढा. फलाटावर उभं राहून नुसतं निघत नाही, त्यासाठी स्टेशनातला क्यूआर स्कॅन करावा लागतो. टीसीला स्क्रीनशॉट चालत नाही, अ‍ॅपमधलं तिकीटच दाखवायचं.

ओगलेवाडीकर: गाडीचा नंबर बघून तिकीट मागा. १२, २०, २२ ने सुरू होणारी सुपरफास्ट, तिला सेकंड क्लासला १५ रुपये जादा. गोवा एक्स्प्रेस (१२७७९/८०) त्यातली. कोयना एक्स्प्रेस (११०२९/३०) साधी मेल-एक्स्प्रेस. वंदे भारतला जनरल डबाच नाही. पॅसेंजरचं तिकीट घेऊन कोयनेत चढणं ही नेहमीची चूक, दंड तिथेच बसतो.

आता क्रम. सकाळच्या कोयनेने थेट सातारा. स्टेशन माहुलीच्याच बाजूला आहे, गावात जायची गरज नाही. सातारा–कऱ्हाड मात्र एसटीने या. कऱ्हाड स्टेशन ओगलेवाडीत, प्रीतिसंगम (कृष्णा-कोयनेचा संगम) गावात; रेल्वेने आलात तर तो पल्ला दोनदा रिक्षाने मारावा लागेल. एसटी स्टँडवरून संगम जवळ. परतीची कोयना संध्याकाळी कऱ्हाडला धरा, संगमावरून अर्धा-पाऊण तास आधी निघा. ती मुंबईहून येते, तेव्हा निघण्याआधी लाइव्ह स्टेटस बघा.

हरिपूर_घाट: म्हणजे रेल्वेची दोनच तिकिटं. कोयना चुकली तर?

मिरज_फलाट: मागून दुसरी गाडी आहे का बघा, नाहीतर कऱ्हाडहून पेठ नाक्यामार्गे सांगलीला एसटीने या. सुट्टे पैसे ठेवा.