बाबांच्या रिपोर्टात ‘लिम्फोसायटिक होस्ट रिस्पॉन्स: स्ट्राँग’ असं आहे, म्हणजे चांगलं का?

लालबागकर_७८
नमस्कार मंडळी. बाबांचं गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. मिलमध्ये असल्यापासून तंबाखू-चुना डाव्या गालात धरायचे, तिथेच निघालं. आता बायोप्सीचा मोठा रिपोर्ट आलाय आणि डॉक्टर सोमवारी भेटणार, तोवर घरात सगळे तोच कागद वाचतोय. गाठ २.४ सेंमी, डेप्थ ७ मिमी, मार्जिन (कापलेल्या भागाची कड) क्लिअर, मानेतल्या सगळ्या नोड्स (लसिकाग्रंथी) निगेटिव्ह. खाली ती वरची ओळ. बहिणीने नेटवर वाचलं की ट्यूमरमध्ये इम्यून सेल्स जास्त असल्या की पेशंट जास्त जगतो, आणि ते ऐकून आई काल पहिल्यांदा नीट जेवली, म्हणून विचारतोय हे खरंय का? आणि खरं असेल तर रेडिएशन टळेल का?

स्लाइडवाली_परळ
दादा, मी पॅथॉलॉजीत आहे. ताईंनी वाचलंय ते बरोबर आहे. लिम्फोसाइट म्हणजे शरीराच्याच संरक्षक पेशी, त्या गाठीच्या कडेला दाट जमल्या असतील तर शरीराने कॅन्सर ओळखलाय असं समजतात. त्यातल्या सीडी८ नावाच्या टी-सेल्स कॅन्सरच्या पेशी थेट मारतात, आणि तोंडाच्या कॅन्सरच्या बऱ्याच अभ्यासांत या जास्त असलेले पेशंट सरासरी जास्त जगलेत. पण गर्दी बघून सगळं कळत नाही, कारण त्याच गर्दीत मॅक्रोफेज नावाच्या दुसऱ्या संरक्षक पेशी पण असतात आणि त्यातला सीडी१६३ वाला प्रकार जास्त असला तर उलट निकाल वाईट दिसतो. शिवाय त्या लिम्फोसाइटमध्ये सीडी८ टी-सेल्स नेमक्या किती, थकल्यात का, हे साध्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर दिसत नाही, त्याला वेगळे स्टेन (रंग) लागतात आणि ते रोजच्या रिपोर्टात होत नाहीत. आतड्याच्या कॅन्सरसाठी इम्यूनोस्कोर नावाची मोजणीची पद्धत आहे, तोंडासाठी सगळ्यांनी मान्य केलेली अशी पद्धत अजून नाही.

रेडिएशन या ओळीवरून ठरत नाही. मार्जिन, डेप्थ, नोड्स, नसेभोवती पसरलंय का (रिपोर्टात ‘पेरिन्यूरल इन्व्हेजन’ शोधा), हे सगळं धरून ठरतं. ७ मिमी आणि २.४ सेंमी म्हणजे टी२ (गाठीच्या आकारावरून ठरणारी पायरी), नोड निगेटिव्ह, ही खरोखर चांगली बातमी आहे. आईंना सांगायचं तर आधी हे सांगा.

डोंबिवली_फास्ट
नोड निगेटिव्ह होत्या तर मान कशाला कापली असं आमच्याकडे सगळे नातेवाईक विचारायचे, तुमच्याकडेही विचारतील. टाटा मेमोरियलचाच अभ्यास आहे २०१५ चा, सुरुवातीच्या स्टेजमध्ये मान लगेच साफ केली (म्हणजे तिथल्या नोड्स काढल्या) तर तीन वर्षांनी ८० टक्के पेशंट हयात होते आणि नोड सुजेपर्यंत थांबले त्यांच्यात ६७.५ टक्के. माझ्या काकांना हे आकडे दाखवले तेव्हा ते शांत झाले. आणि रेडिएशन सांगितलंच तर आधी दातांच्या डॉक्टरकडे न्या, नंतर दात काढणं फार अवघड होतं.

केमो_कॉर्नर
इम्यूनोथेरपी पण विचारा ना, जर सेल्स आधीच स्ट्राँग असतील तर?

स्लाइडवाली_परळ
@केमो_कॉर्नर, ती औषधं टी-सेल्सवरचा ब्रेक काढतात, त्या शोधाला २०१८ चं नोबेल मिळालं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये जास्त करून आजार परत आलेल्या किंवा पसरलेल्यांना देतात. टाटातच नेहमीच्या डोसपेक्षा कितीतरी कमी, दर तीन आठवड्यांनी २० मिग्रॅ निवोलुमॅब (यातलंच एक औषध) गोळ्यांच्या केमोबरोबर दिलं तेव्हा एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर गेलं, आपल्याकडच्या खर्चाचा विचार केला तर मला हे फार मोठं काम वाटतं. पण तो गट वेगळा. दादांच्या बाबांचं ऑपरेशन पूर्ण झालंय, त्यांच्यासाठी आत्ता हा प्रश्न नाही.

लालबागकर_७८
खूप आभार ताई. पेरिन्यूरलसमोर ‘नॉट सीन’ आहे. सोमवारी विचारायच्या गोष्टी लिहून काढल्या. अजून एक, बाबा लपून चुना-तंबाखू मागवतायत मित्राकडून, हे डॉक्टरांना सांगू का?

डोंबिवली_फास्ट
सांगाच. दुसऱ्या गालात नवीन होऊ शकतो. तंबाखू सोडवायची ओपीडी असते, त्याच दिवशी केस पेपर काढून घ्या.